गाठ सापडली, पुढे काय करायचं ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर लागला की तुमच्या पेपरात (तुमच्याच कशाला, सगळ्याच पेपरांत) गुलाबी रिबिनीचा फोटो येतो आणि त्याखाली तोच मजकूर, महिन्यातून एकदा स्वतः तपासा, गाठ लागली तर अंगावर काढू नका, लवकर सापडला तर स्तनाचा कॅन्सर बरा होतो. सगळं खरंय, तक्रार नाही. पण लेख तिथंच संपतो. ज्या बाईला गाठ सापडली, जिने तुमचं ऐकून वेळेत दाखवलं, तिने पुढे काय करायचं? तिच्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट येतो, घरातले सगळे गोळा होतात आणि दोन दिवसांत असा निर्णय होतो की जो त्या बाईला आयुष्यभर अंगावर वागवायचा असतो. त्या दोन दिवसांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. पत्र लांब होणार आहे, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना गेल्या वर्षी निघाला. वय 52, गाठ दोन सेंटीमीटरला थोडी कमी, काखेत काही लागत नव्हतं. म्हणजे अगदी सुरुवातीचा. तरी घरात जे काही झालं ते ऐकाल तर... पहिल्यांदा बायोप्सीलाच विरोध. "गाठीला हत्यार लागलं की कॅन्सर भडकतो" हे आमच्या भागात लहान पोर पण सांगेल. सुई लावून तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही ओ, आणि तो तुकडा घेतल्याशिवाय तो कॅन्सर आहे का नाही, असला तर कुठल्या जातीचा हे देवाला पण कळणार नाही. बहुतेक गाठी तर कॅन्सरच्या नसतातच. तेवढ्या जागेपुरती भूल देतात, बंदुकीसारखं एक यंत्र असतं, त्याचा टक् करून आवाज होतो, दोऱ्यासारखे बारीक तुकडे निघतात, झालं. जाऊबाई म्हणाल्या दाढ काढताना याच्यापेक्षा जास्त दुखलं होतं.

बायोप्सीची भीती किती महागात पडते ते आमच्या गल्लीतच बघितलंय. एका बाईंची गाठ जवळच्याच एका दवाखान्यात "साधी दिसतीय, काढून टाकू" म्हणून सरळ काढली, आधी मॅमोग्राफी नाही, सोनोग्राफी नाही, सुई नाही. नंतर रिपोर्ट आला कॅन्सरचा. कडेपर्यंत सगळं निघालंय का याचा पत्ता नाही, काखेची तपासणी नाही, मग परत सगळं ऑपरेशन दुसरीकडे. आणि त्यातली मेख अशी की काढलेली गाठ लगेच फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवायच्या औषधात) टाकायची असते, तशीच ठेवली किंवा नुसत्या सलाईनमध्ये ठेवली तर पुढची हार्मोनची टेस्ट चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे ज्या गोळीने फायदा झाला असता ती गोळीच मिळायची नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पण असं एकाच ठिकाणी होतं असं नाही. तेव्हा आधी डॉक्टरचा हात, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, मग सुईची बायोप्सी, आणि त्यानंतरच ऑपरेशनची भाषा. आणि अजून एक, रिपोर्टच्या कागदासोबत लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स (त्याच्या काचपट्ट्या) मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलला गेलं की पहिलं तेच मागतात आणि माणसं हेलपाटे मारतात.

रिपोर्ट आला तेव्हा पुतण्याने मोबाईलवर वाचून रडारड केली की "ग्रेड 3 लिहिलंय, तिसरी स्टेज आहे". नव्हती. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते, आणि स्टेज म्हणजे आजार कुठपर्यंत गेलाय ते. ग्रेड 3 असून स्टेज 1 असू शकते, जाऊबाईंची तशीच होती. दोन सेंटीमीटरपर्यंत गाठ आणि काखेतल्या गाठी (म्हणजे लसिकाग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात) स्वच्छ असल्या की साधारण पहिली स्टेज, त्याहून मोठी पण पाचपर्यंत किंवा काखेत एकदोन ठिकाणी पोचलेला असला की दुसरी, असा ढोबळ हिशोब आहे. रिपोर्टमधल्या खऱ्या महत्त्वाच्या ओळी खाली असतात, ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतोय का ते) आणि हर-टू (ह्या नावाचं प्रोटीन पेशींवर जास्त आहे का ते). ह्या तीन ओळींवर पुढची सगळी औषधं ठरतात आणि नेमक्या त्याच ओळी घरात कुणी वाचत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र.

भाऊजींनी (माझे मोठे दीर) पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "सगळंच काढून टाकायला सांगा, रिस्क नको." नणंदबाईंनी मान डोलावली, मुलाने मान डोलावली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, सगळ्यांना त्या जगाव्या असंच वाटत होतं. पण ह्या "रिस्क नको" मध्ये जे गृहीत धरलंय ना, की सगळं काढलं की बाई जास्त जगते, ते 40-50 वर्षांपूर्वीच तपासून झालंय. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी 1976 पासून सुरुवातीच्या कॅन्सरच्या बायकांमध्ये ट्रायल केली, चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींचं अख्खं स्तन काढलं, काहींची फक्त गाठ, काहींची गाठ काढून वर रेडिएशन. 20 वर्षांनी, 2002 ला निकाल छापला, तिन्ही गटांत जगण्यात फरक नाही. त्याच वर्षी इटलीतल्या मिलानच्या डॉ. वेरोनेसींच्या 701 बायकांच्या ट्रायलचे पण 20 वर्षांचे आकडे आले, तेच. त्याच्याआधी शंभरेक वर्षं हॅलस्टेड नावाच्या सर्जनच्या पद्धतीने स्तन, खालचे स्नायू, काखेतलं सगळं खरवडून काढायचे, बायका हात वर करू शकायच्या नाहीत, आणि एवढं करून जास्त जगत नव्हत्या.

रेडिएशन मात्र सोडायचं नाही, हे त्याच ट्रायलमधून कळलं. नुसती गाठ काढली आणि रेडिएशन दिलं नाही तर 20 वर्षांत त्याच स्तनात परत येण्याचं प्रमाण 100 मधल्या 39 जणींना, आणि रेडिएशन दिलं तर 14 जणींना. म्हणून गाठ काढणं आणि रेडिएशन हे एकच पॅकेज समजायचं. आमच्याकडे लोक ह्याला लाईट देणं म्हणतात, कोण शेक म्हणतं, आणि अर्ध्या बायका त्या लाईटच्या भीतीनेच "काढून टाका एकदाचं" म्हणतात.

ह्यात भीती कमी आणि एसटी जास्त आहे, हे पण सांगायला हवं. रेडिएशनचं मशीन राज्यात कित्येक जिल्ह्यांत नाहीच. पूर्वी पाच-पाच आठवडे रोज जायला लागायचं, मग रोज कामावरची रजा कोण देणार, शहरात राहायचं कुठे, म्हशी कोण बघणार. डॉक्टरला पण हे दिसतं म्हणून तो पण "काढूनच टाकू" कडे झुकतो, त्याला दोष देत नाही मी. पण आता तेवढे दिवस लागत नाहीत. आधी 15 वेळा, म्हणजे तीन आठवड्यांवर आलं, आणि 2020 मध्ये इंग्लंडची फास्ट-फॉरवर्ड नावाची ट्रायल छापून आली त्यात एका आठवड्यात पाच वेळा देऊन तेवढाच फायदा दिसला. सगळ्यांना पाचचं चालत नाही, कुणाला काखेला पण द्यायचं असतं, कुणाला गाठीच्या जागेवर जादा डोस द्यायचा असतो, ते रेडिएशनवाले डॉक्टर ठरवतील. पण "मॅडम माझं पाच किंवा 15 मध्ये बसतंय का" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. आणि दुसरी गोष्ट, सगळं स्तन काढलं म्हणजे रेडिएशन चुकलंच असं पण नाही, काखेतल्या गाठी पॉझिटिव्ह निघाल्या तर त्यानंतरही देतात. म्हणजे काढूनही गेलं आणि एसटीही चुकली नाही.

सगळं काढायला लागतं किंवा काढणं बरं पडतं अशा केसेस असतात, नाही असं नाही. एकाच स्तनात लांब लांब दोन-तीन ठिकाणी गाठी, गाठ मोठी आणि स्तन लहान, आधी छातीला रेडिएशन झालेलं, घराण्यातला बीआरसीए जीनचा दोष (ज्याने हा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो) तिच्यातही निघालेला. आणि एखादीला स्वतःलाच वाटलं की मला नकोच ते, मला रोज बघून धास्ती बसेल, तर तो पण तिचा हक्क आहे, त्यात कमीपणा काही नाही. तसं असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये किंवा नंतर पोटाच्या मांसाने किंवा इम्प्लांटने पुन्हा आकार करता येतो, ते पण विचारा. माझं म्हणणं एवढंच की तिला विचारा. बैठक चालू असताना जाऊबाई आतल्या खोलीत भाकरी थापत होत्या. बाहेर आल्या आणि पिठाच्या हातानेच म्हणाल्या, "माझ्या छातीचं तुम्ही ठरवायलाय, मला कुणी इचारणार हाय का न्हाई?" भाऊजी गप्प. मग दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं ठरलं. त्यात दहा-बारा दिवस गेले, काही बिघडलं नाही. सुरुवातीचा कॅन्सर काही रात्रीत पळत नाही, आठ-पंधरा दिवस विचाराला घेतले तर चालतात (महिनोन् महिने घालवून पाला-काढ्याच्या नादाला लागणं वेगळं, ते करू नका). मुंबईला जाणं जमत नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) तज्ज्ञांचं मत ऑनलाइन घ्यायची "नव्या" म्हणून सोय आहे, रिपोर्ट अपलोड करायचे. हे तुमच्या पेपरात मी तरी कधी वाचलं नाही.

काखेचं पण तसंच. पूर्वी सरसकट काखेतल्या सगळ्या गाठी काढायचे आणि मग हाताला सूज, बांगडी चढत नाही, ब्लाउजची एक बाही वेगळी शिवायची. आता गाठीजवळ निळा रंग टोचतात, तो पहिल्यांदा ज्या एक-दोन-तीन गाठींत जातो तेवढ्याच काढून तपासतात, त्या स्वच्छ असल्या की बाकीच्यांना हात लावत नाहीत. ऑपरेशननंतर जाऊबाईंची लघवी हिरवट-निळी आली आणि त्या जाम घाबरल्या, मुलीला सुद्धा सांगितलं नाही, मला कानात सांगितलं. सिस्टर हसल्या, म्हणाल्या रंगामुळे होतं, दोन दिवसांत जातं. आधी एक वाक्य सांगितलं असतं तर? काखेतून नळी आणि तिला प्लास्टिकची बाटली लावून घरी सोडलं, ती कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि रोज किती पाणी आलं ते वहीत लिहायचं. त्यांनी नातवाच्या जुन्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं, एम.एल. च्या पुढे रंग पण, लाल, गुलाबी, पिवळं. डॉक्टरांनी ती वही बघून सांगितलं असं रेकॉर्ड आमच्या वॉर्डात पण ठेवत नाहीत.

औषधांचं जरा थोडक्यात, कारण ते प्रत्येकीचं वेगळं. ईआर पॉझिटिव्ह असेल, आणि निम्म्याहून जास्त बायकांचा असतो, तर हार्मोनची गोळी पाच वर्षं, कधी जास्त. पाळी चालू असेल तर बहुतेक टॅमॉक्सिफेन, गेलेली असेल तर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल. अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, आणि बायका वर्षा-दोन वर्षांत स्वतःच बंद करतात. करू नका, टॅमॉक्सिफेन पाच वर्षं नीट घेतली तर ह्या जातीच्या कॅन्सरमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, आणि ती गोळी स्वस्तातली आहे. केमोसारखा गाजावाजा नाही म्हणून तिला कुणी औषध समजत नाही एवढंच. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन, एकूण वर्षभर, मधेमधे हृदयाची टूडी-इको करत, हे पूर्वी फार महाग होतं, 2014 पासून भारतात बनलेलं मिळायला लागल्यावर किंमत उतरली. आणि तिन्ही निगेटिव्ह असेल तर मुख्य भर केमोवर. ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टूवाली गाठ जरा मोठी असेल तर हल्ली केमो आधी देऊन नंतर ऑपरेशन करतात, तेव्हा "ऑपरेशन लांबवतायत" म्हणून भांडायला जाऊ नका, गाठ आटली तर स्तन वाचतं आणि औषध लागू पडतंय का ते पण दिसतं. फक्त केमोच्या आधी गाठीत बारीक धातूची क्लिप ठेवली का ते विचारा, नाहीतर गाठ पूर्ण विरघळली की सर्जनला जागाच सापडत नाही.

केमो सगळ्यांना लागतेच असं नाही, हे तर आमच्या घरात कुणालाच पटेना. टेलरएक्स नावाची मोठी ट्रायल 2018 ला आली, दहा हजारांवर बायका, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काख स्वच्छ. गाठीच्या 21 जीनची टेस्ट करून ज्यांचा कॅन्सर परत येण्याच्या धोक्याचा स्कोअर मधल्या पट्ट्यात होता त्यांना केमो देऊन आणि न देऊन बघितलं, पन्नाशीच्या पुढच्या बायकांना केमोचा जादा फायदा झाला नाही. टेस्ट महाग आहे, परदेशात पाठवायची तर काही लाखांत जाते, भारतात बनलेली कमी किमतीची पण आहे. जाऊबाईंची केली, केमो लागली नाही. गावात बातमी अशी की "केमो नाही दिली म्हणजे डॉक्टरनी हात टेकले". भाऊजी अजून लोकांना समजावून सांगतायत.

आणि एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे आणि तरी आपल्यालाच माहीत नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने 11 हॉस्पिटलांत 1600 बायकांवर ट्रायल केली. दात काढताना जे बधिर करायचं औषध टोचतात ना, लिग्नोकेन, तेच गाठ कापायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती टोचायचं, बाकी सगळी ट्रीटमेंट नेहमीचीच. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्के. औषधाचा खर्च 100 रुपयांच्या आत. 2023 ला परदेशी जर्नलमध्ये छापून आलं. एक ट्रायल म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, आणि ज्यांना आधी केमो दिली अशा बायका ह्यात नव्हत्या, दुसरीकडचे डॉक्टर अजून पुरावा मागतायत तेही ठीकच. पण पेटंट नाही, कंपनी नाही, जाहिरात नाही, मग ह्याची बातमी करणार कोण? तुम्हीच ना?

मुंबईतलीच दुसरी. टाटाच्याच डॉ. इंद्रनील मित्रा यांचं काम, 1998 ला सुरू झालं, मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाच्या वर बायका, त्यातल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसतं हाताने तपासलं, मॅमोग्राफी नाही, मशीन नाही. 2021 ला 20 वर्षांचा निकाल आला, तपासलेल्यांमध्ये आजार लवकरच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, ते पण लिहिलंय त्यांनी. ऑक्टोबरात तुमच्या पुरवणीत लेखाच्या शेजारी महागड्या फुल-बॉडी चेकअपची अर्ध्या पानाची जाहिरात असते, तिथे हे का नाही छापत? आशाताईंना प्रशिक्षण द्या म्हणून एक अग्रलेख तरी लिहा. 2020 साली देशात अंदाजे 1 लाख 78 हजार बायकांना हा कॅन्सर निघाला आणि 90 हजार गेल्या, एवढ्या सगळ्या काही चेकअपच्या पॅकेजवाल्या घरातल्या नव्हत्या.

पैशाचं राहिलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही बसतात, फक्त सगळ्या हॉस्पिटलात योजना नाही, तेव्हा रोख भरून ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. मंजुरी आधी लागते, नंतर बिल घेऊन गेलं तर काही होत नाही. रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात मोठी सवलत असते, फॉर्म हॉस्पिटलमधूनच मिळतो.

संपादक साहेब, माझी मागणी तीन ओळींची आहे. राज्यात कुठल्या जिल्ह्यात रेडिएशनचं मशीन चालू आहे आणि कुठे योजनेतून होतं त्याची यादी छापा, जिल्हावार. बायोप्सीचा एक नमुना रिपोर्ट छापून त्यातली ओळ न् ओळ एखाद्या डॉक्टरकडून समजावून घ्या, साध्या मराठीत. आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला विचारायचे प्रश्न एका चौकटीत द्या, कापून पर्समध्ये ठेवता येतील असे. ऑक्टोबरपर्यंत थांबायची गरज नाही, पुढच्या रविवारची पुरवणी पण चालेल.

जाऊबाईंनी पत्र वाचलंय, त्यांची हरकत नाही, फक्त गावात ओळखतील म्हणून माझं नाव छापू नये.

– एक वाचक, ता. कराड, जि. सातारा